हरलेल्याचा सत्कार

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते मी. दिवसभर कानाला हेडफोन आणि त्यातून लोकांची ओरड. "बाई, जालना लागलं का?" "अहो, मुंबई कधी देताय?" "अर्जंट आहे, घरात माणूस गेलंय." ड्यूटी संपवून घरी आलं की मला कोणाचाच आवाज नको व्हायचा. प्रेशर कुकरची शिट्टीसुद्धा अंगावर यायची. नवरा चिकलठाण्याच्या कंपनीत शिफ्टला, सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात उरायचे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मामा फार बोलत नसत आणि मला त्या वयात त्यांचा हाच गुण सगळ्यात मोठा वाटे.

मामा स्वातंत्र्यसैनिक होते. लासूर स्टेशनजवळच्या एका खेड्यातले. निजामाच्या राज्यात, नुकतं मिसरूड फुटलेलं असताना, घरात न सांगता निघाले आणि सरहद्दीपल्याडच्या कॅम्पात जाऊन राहिले. तिथून रात्री-बेरात्री इकडं यायचं, जकातनाके जाळायचे, पुन्हा पल्याड पळायचं. एकदा पळताना पोटरीत छर्रे बसले, ते शेवटपर्यंत आतच होते. थंडीत पाय धरायचा.

मी लग्न होऊन खडकेश्वरच्या या घरात आले तेव्हा ते नोकरीतून निवृत्त झालेले होते. पंधरा ऑगस्ट, सतरा सप्टेंबर, सव्वीस जानेवारी जवळ आली की दाराशी कोणीतरी यायचं. "दादा, यंदा पण यायचं बरं का. तुमच्याशिवाय शोभा नाही." मामा जायचे. शाल, नारळ, हार घेऊन परत यायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. नारळ माझ्या स्वयंपाकात संपे. शाली ट्रंकेत जात. त्या इतक्या पातळ असत की त्यांनी पोटरीची थंडीसुद्धा भागली नसती.

"बरं नाही का मामा?" मी विचारायची.

"बरंय. भाषणं लई लांबली."

घराला गल्लीच्या बाजूनं एक खोली होती, दार वेगळं. तिथं आम्ही कॉलेजची मुलं ठेवत असू. त्या वर्षी दिवाळीआधी मुलं सोडून गेली आणि खोली रिकामी पडली. दिवाळी झाल्यावर एक बाई आली. माझ्याच वयाची, अंगात पायघोळ झगा, पुढं पट्ट्यापट्ट्यांचं ॲप्रन. मागं तिचा म्हातारा बाप, डोक्यावर लोकरी टोपी, हातात माळ. औरंगपुऱ्याच्या बाजूला थंडीत स्वेटरची पालं लागायची, त्यातलं एक त्यांचं. संक्रांतीनंतर थंडी ओसरेपर्यंत खोली पाहिजे होती.

गल्लीत लगेच चर्चा झाली. हे नेपाळी लोक, काय खातील, काय पितील. बाई प्रत्येकाला सांगायची, "नेपाली नहीं, तिब्बती." आठवड्याभरानं तिनं सांगायचं सोडलं. मग कोणी नेपाळी म्हटलं की ती नुसती मान हलवायची. ती मान हलवण्याची तऱ्हा माझ्या ओळखीची होती. "लाइन व्यस्त आहे" हे विसाव्यांदा सांगताना माझी मान तशीच हलायची.

"तिबेटहून इतक्या लांब येता?" मी एकदा विचारलं.

"नहीं दीदी. कर्नाटक से. उधर हमारी बस्ती है. मक्का बोते हैं. तिब्बत मैंने देखा ही नहीं, गोद में थी तब निकले."

बापाला ती पाला म्हणायची. त्यांच्या भाषेत वडिलांना पाला. सुरुवातीला मला झाडाचा पालाच आठवायचा, मग सवय झाली आणि आम्हीही त्यांना पालाच म्हणू लागलो.

सकाळी ती गाठोडी घेऊन पालावर जायची आणि पाला दुपारपर्यंत आमच्या ओट्यावर उन्हात बसायचे. मामाही त्याच उन्हाला बसायचे. एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ते. यांना त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना आमची. पालांची हिंदी मोडकीतोडकी होती, मामांची उर्दू वळणाची. दोघं बोलायचेच नाहीत. मी ड्यूटीला जाताना दोन चहाचे कप मध्ये ठेवून जायची. मामांना ते भाडेकरू फारसे पसंत नव्हते. "परमुलखातली माणसं," एवढंच एकदा म्हणाले होते.

मग एका रविवारी बाई भाडं द्यायला आत आली, पालाही सोबत होते. भिंतीवर मामांचं सन्मानपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. पाला त्याच्यासमोर उभे राहिले आणि मुलीला काहीतरी विचारलं. तिनं मला विचारलं. मी सांगितलं की मामा स्वातंत्र्यासाठी लढले, त्याबद्दल सरकारनं दिलंय. तिनं बापाला ते त्यांच्या भाषेत सांगितलं.

पालांनी टोपी काढली. मामा खाटेवर बसलेले होते. त्यांच्यापुढं जाऊन, दोन्ही हात जोडून पाला कमरेत इतके वाकले की त्यांची वेणी पुढं घरंगळली. त्यांना वेणी होती हे तोवर मला माहीतच नव्हतं. आणि ते तसेच राहिले. मामांचे सत्कार मंत्र्यांनी केले होते, पण मी त्यांना असं गडबडलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते पाय खाली सोडून धडपडत उठले. "अरे, अरे, हे काय? उठा. बाई, यांना सांग, उठा म्हणावं."

"पाला भी लड़े थे," बाई म्हणाली.

"कुठं? कोणाच्या बाजूनं?"

"अपनी तरफ से. अपने मुल्क के लिए. घोड़े पर थे पहले. फिर घोड़े मर गए तो पैदल. बहुत साल."

मग मामांनी जे विचारलं ते ऐकून मलाच अवघडल्यासारखं झालं.

"जिंकले का?"

बाईनं बापाकडं न बघताच उत्तर दिलं. "नहीं."

त्या दिवसापासून ओट्यावरच्या दोन टोकांमधलं अंतर गेलं. मामा स्वतः उठून पलीकडं जाऊन बसू लागले. दोघांत फारसं बोलणं व्हायचं असं नाही. पालांच्या उजव्या पायाची बोटं बर्फात गेलेली होती. ती त्यांनी एकदा मोजा काढून दाखवली. मामांनी धोतर वर करून पोटरी दाखवली. पालांनी बोटानं आतला छर्रा चाचपला आणि हसले. दोन म्हातारे एकमेकांच्या पायांकडं बघत बसलेले पाहून समोरच्या बाई मला म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याला भारीच दोस्त मिळाला."

एका सुट्टीच्या दिवशी मी आत डोकं दुखतंय म्हणून पडले होते. खिडकीबाहेर मामांचा आवाज सुरू झाला. आधी वाटलं, कोणी भेटायला आलंय. पण ते पालांशीच बोलत होते, तेही मराठीत, आपल्या गावाकडच्या बोलीत. ऐकणाऱ्याला एक अक्षर कळत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"पल्याडच्या लोकांनी आम्हाला भाकरी घातली. वळख ना पाळख. आमचं राज निराळं, त्यांचं निराळं. त्यांना काय पडलं होतं? पण घातली. मग फौज आली आन चार-पाच दिवसांत समदं उरकलं. मी गावात आलो तर मला खांद्यावर घेऊन मिरवलं. आमच्या शेजारी मुसलमान पिंजारी ऱ्हायचा. त्यानं मला ल्हानपणी खेळवलेलं. त्याच्या घराचं दार उघडं. आत पिंजण तसंच लटकत होतं. माणूस नाय. म्या इचारलं, कुठं गेला? ज्याला इचारलं त्यो म्हनला, गेला. कुठं गेला त्ये कुनीच सांगंना. लई दिस इचारलं. आता सत्काराला बसलो की माझ्या डोळ्यांपुढं त्ये दार येतं. भाषणात ह्ये कसं सांगू?"

पाला मधूनमधून "हं" म्हणत होते. मामा थांबल्यावर तेही बोलले, त्यांच्या भाषेत, हळूहळू, बराच वेळ. त्यांचं काय होतं ते मला कधीच कळलं नाही. मामांनीही "हं, हं" केलं. मी उठून चहा टाकला, कारण पडून राहणं शक्य नव्हतं.

जानेवारीत नेहमीप्रमाणे मंडळाचा कार्यकर्ता आला. आमच्या भागातलंच एक मंडळ होतं, सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सत्कार ठेवायचं.

"दादा, गाडी पाठवतो."

"येतो. पण माझ्यासोबत पाहुणे हायेत. तेबी सैनिक हायेत. त्यांचाबी सत्कार करा."

कार्यकर्त्यानं ओट्यावर बसलेल्या पालांकडं पाहिलं. "हे? स्वेटरवाले?"

"स्वेटर विकत्यात. त्याआधी लढलेत."

"पण दादा, आपल्या देशासाठी नाही ना. परदेशी माणूस. उद्या काही झालं तर वर कोणाला विचारायचं?"

"खुर्ची मांडायला वर काय इचारायचं असतं रं?"

तो "बघतो" म्हणून गेला. संध्याकाळी बाई माझ्याकडं आली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. "दीदी, दादाजी को समझाओ ना. हम लोग पुलिस में नाम लिखा के रहते हैं इधर. स्टेज-वेज पे नहीं जाना. झंझट हो गया तो अगले साल कौन आने देगा?"

मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही कंटाळा आला होता. मी मामांना तिचं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, "बरं. मग स्टेज नको. नुसतं बसू द्या त्यांना माझ्याशेजारी." ते ऐकून बाई तयार झाली. मी सुट्टी बदलून घेतली, त्यासाठी पुढं एक रविवार गेला. दोन म्हाताऱ्यांना रिक्षात घालून न्यायला कोणीतरी हवंच होतं. बाईही त्या दिवशी दुकान न लावता सोबत आली.

मैदानावर पुढच्या रांगेत स्वातंत्र्यसैनिकांच्या खुर्च्या होत्या. कार्यकर्त्यानं पालांना अगदी नम्रपणे मागं, शाळेच्या शिक्षिकांजवळ नेऊन बसवलं. मामांनी ते पाहिलं. काही न बोलता काठी टेकत उठले आणि मागं येऊन त्यांच्या शेजारी बसले. सत्कार सुरू झाले. मामांचं नाव पुकारलं, पण मामा उठेनात. शेवटी प्रमुख पाहुणेच खाली उतरले. त्यांना पुढं आणखी दोन ठिकाणी जायचं होतं, सारखं घड्याळ बघत होते. मागं येऊन त्यांनी मामांच्या गळ्यात हार घातला.

"यांनाबी घाला," मामा म्हणाले.

पाहुण्यांनी दुसरा हार मागून घेतला आणि पालांच्या गळ्यात टाकला. "कोणत्या जिल्ह्याचे?" त्यांनी हसून विचारलं. पालाही हसले. पाहुणे निघून गेले. आणि स्टेजवर माईक धरून उभ्या असलेल्या माणसानं, चूक सावरून घ्यावी म्हणून की काय, मोठ्यानं जाहीर केलं, "हैदराबाद मुक्तिसंग्रामातले आणखी एक थोर सेनानी! जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. मामा ताडकन उठले. "नाय, नाय! त्ये त्या लढाईतले नाय!" पण तोवर शाळेच्या मुलींचं समूहगीत सुरू झालं होतं आणि पेटीवाल्यानं सूर धरला होता.

रिक्षात मामा धुसफुसत होते. "त्याची लढाई त्याची ऱ्हाऊ द्यायची ना. ती बी आपल्या नावावर लावली. खोटं झालं समदं." पाला गळ्यातला हार नीट मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मुलीला काहीतरी विचारलं.

"पाला पूछ रहे हैं," बाई म्हणाली, "आगे की लाइन में जितने बैठे थे, सब लड़े हुए थे?"

"हो, सगळे," मी म्हणाले.

तिनं सांगितलं. पालांनी एकच वाक्य म्हटलं आणि बाहेर बघू लागले. बाईनं ते लगेच सांगितलं नाही. गुलमंडी ओलांडल्यावर म्हणाली, "बोल रहे हैं, इतने सारे ज़िंदा हैं."

त्या दिवशी मामांचा एक जुना साथीदार सिल्लोडहून सत्काराला आला होता. तो आमच्याकडं जेवायला येणार हे ठरलेलंच होतं. हर्सूलच्या तुरुंगात दिवस काढलेला माणूस, आवाज मोठा, मतं त्याहून मोठी. मी घरी येऊन वांग्याचं भरीत, वरण-भात, ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा केला. पाय मोडून आले होते. चौघांची पानं मांडली आणि मामांनी सिल्लोडच्या काकांना पालांची ओळख करून दिली. या वेळी बरोबर. जे बाईनं सांगितलं होतं तेवढंच, वर एक शब्दही न घालता.

काकांनी पालांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे हरले."

"हरले."

"मग हरलेल्याचा सत्कार कशाचा करायला निघाला होतास रं तू?"

मी भाकरी वाढता वाढता थांबले. बाई माझ्याकडं बघत होती, तिला थोडंथोडं मराठी कळायला लागलं होतं.

"आपण तरी काय जिंकलो होतो?" मामा म्हणाले. "फौज आली म्हणून सुटलो. नसती आली तर? मी तिकडंच कुठं तरी कॅम्पात म्हातारा झालो असतो. स्वेटर इकत बसलो असतो परमुलखात. तू हर्सूलला कुजला असतास. मग तुला कुनी दोन हार घातले असते का?"

"आपल्या पाठीशी देश होता."

"त्येच म्हणतो. यांच्या पाठीशी कुनी नव्हतं. तरी लढले."

पानावर वाढलेलं होतं, कोणी हात लावत नव्हतं. मग काकांनी विचारलं, "तुरुंगात होता का म्हणावं?"

बाईनं विचारून सांगितलं. होते. त्यातून पळाले. सोबतचा भाऊ मागं राहिला.

"खायला काय देत?"

"जौ का आटा. पानी में घोल के."

"आम्हाला बी लई घाण भाकरी द्यायचे," काका म्हणाले आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. त्यांनी आपलं पान थोडं मागं सरकवलं. "म्हणावं, तुम्ही सुरू करा. तुम्ही घास घेतल्याबिगर आम्ही नाय जेवत."

काय चाललंय ते पालांना कळलं नाही. मुलीनं हळूच सांगितलं. मग त्यांनी सगळ्यांकडं एकदा पाहिलं, भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला आणि तोंडात टाकला. ठेचा जहाल झाला होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते हसत अजून मागू लागले. मग काका आणि मामा जेवायला लागले. हार नाही, शाल नाही, माईक नाही. मामा त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून झोपले नाहीत, दोघा म्हाताऱ्यांसोबत ओट्यावर बसून राहिले.

त्यानंतर काही हिवाळे ते बापलेक आले. ती खोली आम्ही दिवाळीनंतर दुसऱ्या कोणाला दिलीच नाही. मामा दरवर्षी थकत गेले. पोटरीचा पाय आधी गेला, मग दुसरा. मंडळाचा माणूस यायचा बंद झाला. नवीन कार्यकर्त्यांना त्यांचं नाव माहीत नव्हतं. मी सकाळी त्यांचं सगळं आटपून ड्यूटीला जायची आणि आल्यावर पुन्हा तेच. खोटं कशाला सांगू, कधीकधी मला वाटायचं, आता सुटावेत. त्यांच्यासाठीही आणि माझ्यासाठीही.

एका वर्षी बाई एकटी आली. दाराशी गाठोडी ठेवून उभी राहिली, आत येईना.

"पाला?" मी विचारलं.

"बारिश में. बस्ती में ही. बुखार आया था."

मी तिला आत घेतलं. मामा खाटेवर होते. त्यांना हल्ली कधी माणसं ओळखू यायची, कधी नाही. तिला ओळखलं. तिच्यामागं दाराकडं पाहत राहिले. मग तिनं त्यांच्या उशाशी बसून सांगितलं.

मला वाटलं, त्यांच्यापर्यंत पोचलंच नसावं. मग त्यांनी विचारलं, "घरी जाऊन आला व्हता का? एकदा तरी?"

"नहीं दादाजी."

त्यांनी डोळे मिटले. मी नुकतीच ड्यूटीवरून आले होते, कान भणभणत होते. बाईसाठी चहा ठेवायला उठले तेवढ्यात मामा म्हणाले, "पोरी, पाणी तापव. मला आंघोळ घाल."

"सकाळी पुसलंय की अंग. थंडी आहे मामा, बाधेल."

"कळलं की आंघोळ करायची असते."

माझ्या लक्षात यायला क्षणभर लागला. आपल्याकडं भावकीतलं माणूस गेल्याचं कळलं की डोक्यावरून पाणी घेतात. गल्लीतलं कोणी गेलं तर कोणी घेत नाही. ते भावकीपुरतंच असतं.

बंब पेटवला. बाईनं आणि मी मिळून त्यांना मोरीतल्या पाटावर आणून बसवलं. ती बाहेर जायला निघाली तर मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिला." ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी तांब्यानं डोक्यावरून पाणी सोडलं. मामांच्या अंगावर आता काही उरलं नव्हतं, पाणी खांद्यांच्या हाडांत साचून मग खाली यायचं. मी अजून एक तांब्या घेतला. त्यांचे दातावर दात आपटत होते, पण हात वर करून "अजून" म्हणाले.

माझी पाठ धरली होती. बादली अजून अर्धी भरलेली होती. मी बाईला म्हणाले, "जरा तू धर तांब्या." तिनं अस्तन्या वर केल्या आणि पुढचं पाणी तिनं घातलं.